चौकातली टक्कर, न्यायाधिकरणातले टक्के

मागून येऊन धडकलेल्या गाडीचा दोष सहसा वादात पडत नाही. चौकातल्या टक्करीचे तसे नसते. तिथे दोन्ही वाहने आपापल्या रस्त्याने आलेली असतात, पुढे जाण्याचा हक्क आपलाच होता असे दोन्ही चालकांना मनापासून वाटत असते, आणि टक्कर होते ती जागा दोघांपैकी कोणाच्याच वाटणीची नसते. त्यामुळे चौकात जखमी झालेल्याच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात दोष कोणाचा एवढे ठरवून भागत नाही, दोष किती हेही ठरवावे लागते. भारतात असे दावे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चालतात. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीशच या न्यायाधिकरणाचे सदस्य म्हणून बसतात. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेही तो चालतो, म्हणून हैदराबादच्या चौकात जखमी झालेला सातारकर साताऱ्यात दावा लावू शकतो.

पुढच्या चर्चेसाठी एक नमुन्याचे प्रकरण घेतले आहे. ते कल्पित आहे, पण अशा फायली कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या कपाटात सापडतील. रात्रीचे साडेदहा वाजलेले, सिग्नल पिवळ्या लुकलुकत्या दिव्यावर टाकलेला. ३४ वर्षांचा एक इलेक्ट्रिशियन मोटरसायकलवरून चौक सरळ ओलांडतो आहे. मागे त्याचा मदतनीस बसलेला. समोरून आलेली मोटार उजवीकडे वळते आणि मोटरसायकल तिच्या डाव्या मागच्या दारावर आदळते. चालवणाऱ्याच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडे मोडतात, रॉड टाकावा लागतो. मदतनिसाचे मनगट मोडते. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मोटारीचा विमा चालू आहे.

या फायलीवर दोन वकील बोलतात. एक अर्जदारांची प्रकरणे चालवणाऱ्या, दुसरे विमा कंपनीच्या पॅनेलवरचे. रोज समोरासमोर उभे राहत असल्याने एकमेकांचे मुद्दे दोघांनाही पाठ आहेत, आणि त्यामुळे प्रास्ताविकात वेळ जात नाही.

अर्जदारपक्ष: उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा रस्त्याचा पहिला नियम. वळत होती ती मोटार. तिने माझ्या अर्जदाराची वाट कापली. यात अजून काय शोधायचे आहे?

विमापक्ष: नियमाचे उरलेले अर्धे शोधायचे आहे, मॅडम. पिवळा दिवा लुकलुकत असेल तेव्हा वेग कमी करायचा आणि बघून पुढे जायचे. हे सरळ जाणाऱ्यालाही लागू आहे. मार कुठे लागलाय ते बघा. मोटारीच्या मागच्या दाराला. म्हणजे मोटार वळण जवळजवळ संपवून पलीकडे निघाली होती. एवढी मोठी गाडी समोर आडवी असताना तुमच्या माणसाला ती दिसली नाही, याचे कारण वेग तरी असेल किंवा लक्ष नसणे तरी.

अर्जदारपक्ष: मागच्या दाराच्या माराने मोटार आधी चौकात शिरली एवढेच कळते, सर. तिला शिरायचा हक्क होता का, हे त्यातून कळत नाही. घाईने आधी घुसणाऱ्याला जर घुसल्याचाच फायदा मिळणार असेल, तर मग थांबणाराच मूर्ख ठरायचा.

दोन्ही म्हणणी तर्काला धरून आहेत, आणि चौकातल्या दाव्याची अडचण नेमकी तीच आहे. ती सोडवायला कायद्याने पुराव्याची पट्टी सैल ठेवली आहे. कलम १६९ प्रमाणे न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त असते. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. कोणती शक्यता जास्त पटते एवढे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने हे २००९ पासून वारंवार सांगितले आहे. त्याच्या किती तरी आधी, १९८० मध्ये, फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून नुकसानभरपाईचा दावा कोसळत नाही, हेही त्याने स्पष्ट केले होते. गुन्ह्याची भरपाई तुरुंगाने होते आणि मोडलेल्या पायाची पैशाने, आणि दोन्हीला लागणारा पुरावा वेगळा आहे.

प्रत्यक्षात मात्र दोन्हींचे कागद एकच असतात. फिर्याद, स्थळ पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र, आरटीओचा तपासणी अहवाल आणि महाराष्ट्रातला पोलिसांचा एए फॉर्म, एवढ्यावर दावा उभा राहतो. हे सगळे पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासासाठी केलेले असते. चालकावर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा लावायला जेवढे लागते तेवढेच पंचनाम्यात येते: दोन गाड्या, काचांचा सडा, रस्त्याची दिशा, दोन पंच. ब्रेकच्या खुणा किती मीटर लांब होत्या, सिग्नल कोणत्या अवस्थेत होता, टक्कर चौकाच्या मध्यापासून किती अंतरावर झाली, या दाव्याच्या दृष्टीने कळीच्या गोष्टी बहुधा लिहिलेल्याच नसतात. कोणाला ७० टक्के आणि कोणाला ३० टक्के दोष द्यायचा हे ज्या कागदावरून ठरायचे, तो कागद लिहिणाऱ्याला टक्क्यांशी काही देणेघेणे नसते.

विमापक्ष: आणि पोलिसांची सवय तुम्हालाही माहीत आहे. मोठ्या गाडीवर गुन्हा. ट्रक आणि मोटार असेल तर ट्रकवर, मोटार आणि दुचाकी असेल तर मोटारीवर. जखमी दवाखान्यात पडलेला, फिर्याद त्याच्या भावाने दिलेली, आणि भाऊ चौकात नव्हताच. अशा फिर्यादीला दोष ठरवणारा पुरावा म्हणायचे?

अर्जदारपक्ष: एकटी फिर्याद पुरेशी नाही, हे मान्य. पण तपास झाला, दोषारोपपत्र मोटारचालकावर गेले, आणि त्याने त्याविरुद्ध कुठेही दाद मागितली नाही. न्यायाधिकरणाने ते प्रथमदर्शनी धरले तर त्यात गैर काय? आणि तुम्हाला ते खोडून काढायचे असेल तर मार्ग मोकळा आहे. तुमचा चालक आणा, शपथेवर उभा करा.

हा टोला वर्मी बसतो, कारण विमा कंपन्या चालकाला साक्षीला आणतात असे फार कमी वेळा घडते. चालक आणि मालक नोटीस घेऊन गैरहजर राहतात, प्रकरण त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालते, आणि कंपनी आपली कैफियत फक्त पंचनाम्याच्या आधारावर लढवते. कायदा इथे कंपनीला फारसा हात देत नाही. जखमीचाही दोष होता असे जो म्हणतो, त्यानेच ते सिद्ध करायचे. अपघातानंतर गाड्या कुठे पडल्या होत्या हे दाखवणारा पंचनामा एकटा जखमीचा दोष सिद्ध करू शकत नाही, त्याला प्रत्यक्ष किंवा पूरक पुराव्याची जोड लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. टक्कर पाहिलेला एकमेव सामनेवाला साक्षीला येत नसेल, तर त्याला सांगण्यासारखे काही नव्हते असाच अर्थ काढला जातो.

विमा कंपनीच्या वकिलांकडे यावर चांगले उत्तर आहे. मोठ्या शहरांत चौकाचौकांत कॅमेरे लागले आहेत. चित्रण मिळाले तर ना चालकाची गरज ना भावाच्या फिर्यादीची. पण चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, आणि ते वेळेत मागवायचे कोणी? जखमी शुद्धीवर येईपर्यंत ते गेलेले असते. कंपनीला दाव्याची नोटीस मिळते तोवर महिने उलटतात. मिळालेच, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते पुराव्यात वाचले जाण्यात अडचणी येतात. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी यावर उपाय म्हणून पोलिसांना वेळापत्रक घालून दिले: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, तपशीलवार अहवाल ९० दिवसांत, दोन्ही न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे. तपशीलवार अहवालालाच दाव्याचा अर्ज मानता येते. हे नियम पाळले गेले तर या लेखातला अर्धा वाद उद्भवणारच नाही.

हेल्मेटवरचा वाद लवकर मिटतो.

विमापक्ष: हेल्मेट नव्हते. कायदा मोडलाच ना?

अर्जदारपक्ष: मोडला, त्याचा दंड वाहतूक पोलिसांनी घ्यावा. मोडली आहे नडगी. हेल्मेट घातले असते तर नडगी वाचली असती का?

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोटरसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात हीच कसोटी लावली. नियम मोडणे वेगळे आणि अपघाताला किंवा दुखापतीला हातभार लावणे वेगळे. दोहोंत कार्यकारणाचा धागा दाखवता आला तरच भरपाई कापता येते. परवाना नसण्याबद्दलही २००८ मध्ये असेच ठरले आहे. डोक्याला मार असता तर हेल्मेटचा मुद्दा जिवंत राहिला असता. इथे तो पायाशीच संपतो.

मागे बसलेल्या मदतनिसाचा दावा त्याच टक्करीतून निघूनही निराळ्या वाटेने जातो. सामान्य वाचकाला ही गोष्ट सहसा माहीत नसते, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. चालवणाऱ्याचा स्वतःचा ३० टक्के दोष ठरला तर त्याच्या भरपाईतून ३० टक्के वजा होतात. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. मदतनिसाचा मात्र काहीच दोष नाही. त्याच्या दृष्टीने दोन चालकांनी मिळून त्याला जखमी केले. हा संयुक्त निष्काळजीपणा. संयुक्त निष्काळजीपणात जखमी माणूस दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्के केले. आपसातला हिशेब त्या दोघांनी नंतर करायचा.

विमापक्ष: म्हणजे दोष ७० टक्के आमचा, आणि मनगटाचे शंभर टक्के आम्हीच द्यायचे.

अर्जदारपक्ष: द्यायचे, आणि उरलेले ३० टक्के दुचाकीच्या मालकाकडून किंवा तिच्या विमा कंपनीकडून वसूल करायचे. दोन कंपन्यांचे भांडण संपेपर्यंत मोडक्या मनगटाने थांबायचे का?

विमापक्ष: वसुली कागदावर असते, मॅडम. मालक सापडत नाही.

हा आक्षेप खरा असला तरी त्याने निकाल बदलत नाही. वसुलीचा धोका कोणावर टाकायचा याची निवड कायद्याने केलेली आहे, आणि ती जखमीच्या बाजूने आहे. विमा कंपनीकडे निदान वकील आणि वेळ असतो.

दोषाचे टक्के संपले की अपंगत्वाचे सुरू होतात. इथे पैसा खऱ्या अर्थाने वरखाली होतो. दुखापतीच्या दाव्यातल्या भरपाईची चौकट ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालाने घालून दिली. उपचाराचा, प्रवासाचा, खुराकाचा खर्च. उपचाराच्या काळात बुडालेली कमाई. कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई. पुढचा वैद्यकीय खर्च. आणि पैशात मोजता न येणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेदना, जगण्यातल्या सुखांना मुकणे, आयुर्मान घटणे. किरकोळ दुखापतीत यातली पहिली दोन आणि वेदनेची रक्कम एवढेच दिले जाते. बाकीची शीर्षे गंभीर दुखापतीत आणि ठोस वैद्यकीय पुरावा असेल तरच.

इलेक्ट्रिशियनकडे सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आहे: उजव्या पायाचे ३० टक्के कायम अपंगत्व. सगळा वाद त्या आकड्याच्या वाचनावर आहे.

विमापक्ष: तीस टक्के एका पायाचे, सबंध शरीराचे नव्हेत. शरीराचे धरले तर दहाच्या आसपास. आणि कमाईचे? त्याचे काम हाताचे. वायरी हाताने जोडतात.

अर्जदारपक्ष: आणि शिडी कशाने चढतात? गच्चीवर टाकीच्या मागे उकिडवे बसून मोटर जोडायची असते, भिंतीत खाचा मारायच्या असतात. त्याला आता मांडी घालता येत नाही. मी तीस मागत नाही, पण दहाही मान्य करणार नाही. पंचवीस.

ही घासाघीस वाटते तेवढी बाजारू नाही. तिच्यामागे तत्त्व आहे. डॉक्टर अवयवाचे अपंगत्व सांगतो, न्यायाधिकरणाने कमाईच्या क्षमतेचे ठरवायचे असते, आणि ते त्या माणसाच्या धंद्यावर अवलंबून असते. राजकुमार निकालातच उदाहरण दिले आहे: डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची जवळपास सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. त्या प्रकरणातला जखमी चीज विकणारा होता. डाव्या पायाचे अपंगत्व प्रमाणपत्रात ४५ टक्के होते, न्यायालयाने कमाईचा तोटा २० टक्के धरला. प्रमाणपत्र जोडले म्हणजे काम झाले असे नाही, हेही त्या निकालाने बजावले. ते देणारा किंवा उपचार करणारा डॉक्टर उलटतपासणीला सामोरा गेला पाहिजे. अस्थिरोगतज्ज्ञाला सुट्टी काढून कोर्टात आणणे हे अर्जदाराच्या वकिलाच्या कामातले सगळ्यांत कष्टाचे काम असावे. डॉक्टर आलाच नाही म्हणून चांगला दावा अर्ध्यावर आला, असे होऊ शकते.

तिसरा आकडा उत्पन्नाचा. इलेक्ट्रिशियन म्हणतो महिना २० हजार. पगारपत्रक नाही, विवरणपत्र भरलेले नाही. विमा कंपनी १२ हजारांवर येऊन थांबते. किमान वेतनाचा दर हा अशा वेळी आधार धरला जातो, पण तोच शेवटचा शब्द नाही; पगाराचा कागद नाही म्हणून वास्तवाकडे डोळेझाक करता येणार नाही, थोडा अंदाज करावाच लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. मोबाइलवरून आलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी अशा कारागिरांच्या कामी येऊ शकतात. रोखीने काम करणाऱ्या पिढीला हा आधार नव्हता.

आता गणित. वयाप्रमाणे गुणक ‘सरला वर्मा’ या २००९ च्या निकालातल्या तक्त्यातून येतो. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. भविष्यात उत्पन्न वाढले असते, म्हणून स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे, हे ‘प्रणय सेठी’ या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाने ठरवले. ही वाढ मृत्यूच्या दाव्यापुरती नाही, अपंगत्वाच्या दाव्यातही द्यायची, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःचा खर्च म्हणून वजावट होते. जखमी माणूस जिवंत आहे आणि जेवतो आहे, त्यामुळे इथे ती होत नाही.

अर्जदारपक्षाचा हिशेब असा: २० हजारांवर ४० टक्के धरून महिना २८,०००, वर्षाला ३,३६,०००; त्याचे २५ टक्के म्हणजे ८४,०००; गुणिले १६, एकूण १३,४४,००० रुपये. विमापक्षाचा हिशेब: १२ हजारांवर ४० टक्के धरून १६,८००, वर्षाला २,०१,६००, त्याचे १० टक्के २०,१६०, गुणिले १६, म्हणजे ३,२२,५६०, त्यातून सहभागी दोषाचे ३० टक्के गेले की २,२५,७९२. पाय तोच, चौक तोच, तक्ता तोच. तीन अंदाजांतल्या फरकाने रक्कम जवळपास सहापट बदलते. गुणकाच्या पद्धतीने दाव्यांत एकसूत्रीपणा आला, हे खरे आहे. पण ते सूत्र ज्या आकड्यांवर चालते ते मात्र माणसांनी अंदाजाने भरायचे असतात.

विमापक्षाचा हा आकडा आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या, १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या कलम १६४ प्रमाणे कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. म्हणजे पूर्ण लढत देऊन कंपनीच्या मते जखमीच्या कमाईचा जो तोटा निघतो, तो न लढता मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षाही कमी आहे. कोणत्या कलमाखाली जायचे ही निवड म्हणूनच सुरुवातीला आणि विचाराने करायची असते.

उपचाराच्या बिलांवरही खटका उडतो. इलेक्ट्रिशियनच्या बायकोच्या नोकरीतून कुटुंबाचा आरोग्य विमा होता. रुग्णालयाची बरीचशी बिले त्यातून भागली.

विमापक्ष: एकाच बिलाचे पैसे दोनदा? ही भरपाई नव्हे, कमाई झाली.

अर्जदारपक्ष: आरोग्य विम्याचा हप्ता तिने भरला, सर, तुमच्या गाडीमालकाने नाही. तिच्या दूरदृष्टीचा फायदा चूक करणाऱ्याला का मिळावा?

या प्रश्नावर न्यायालयांची मते बराच काळ दुभंगलेली होती. आयुर्विम्याची रक्कम वजा होत नाही हे १९९८ मध्ये महाराष्ट्र एसटीच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. मेडिक्लेमचे काय, हा प्रश्न मागे राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही असा निर्णय दिला. कंपनीच्या वकिलांचा आक्षेप निव्वळ कंजूषपणाचा नाही. बिल एकच आहे हे कोणी नाकारत नाही. पण कराराने मिळालेला पैसा आणि कायद्याने मिळणारी भरपाई यांचा उगम वेगळा आहे, हा तर्क अधिक सरळ वाटतो. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेतून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळण्याची सोय झाली आहे, आणि तिचा फायदा घेतलेल्या रुग्णांच्या बिलांचा हिशेब साहजिकच वेगळा मांडावा लागतो.

कंपनीचे उरलेले बचाव पॉलिसीच्या अटींवरचे असतात. चालकाकडे परवाना नव्हता, तो दारू प्यायलेला होता, खासगी गाडी भाड्याने चालवली जात होती. यातले सिद्ध झाले तरी त्रयस्थ जखमीला सहसा हात हलवत परतावे लागत नाही. आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा, असा आदेश होतो. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ही वाट रुळली आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने ७,५०० किलोपर्यंतचे व्यापारी वाहन चालवले तर परवाना चुकीचा म्हणायचा का, हा वर्षानुवर्षे लढला गेलेला मुद्दा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने चालकाच्या बाजूने मिटवला.

विमापक्ष: एक गोष्ट तुम्ही लोक कधीच बोलत नाही. खोटे दावे. माणूस स्वतःच घसरून पडतो आणि पंधरा दिवसांनी फिर्यादीत गाडीचा नंबर येतो. विमा असलेली गाडी शोधून आणलेली असते.

अर्जदारपक्ष: बोलते की. त्या दाव्यांमुळे खऱ्या दाव्यांकडे संशयाने पाहिले जाते, त्रास आम्हालाच होतो. पण उशिरा दिलेली फिर्याद म्हणजे खोटी फिर्याद, हे समीकरण चालणार नाही. माणूस ऑपरेशन टेबलावर असताना नातेवाईक पोलीस ठाणे शोधत बसत नाहीत.

दोन्हीला आधार आहे. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दुसरीकडे, फिर्यादीला उशीर एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. वकिलांच्या फीचा प्रश्नही इथेच येतो. निकालातल्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवायला वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. दवाखान्यांच्या दारात दलाल उभे राहतात ते या मनाईला न जुमानणाऱ्यांसाठीच. या मुद्द्यावर दोन्ही वकील एकदम गप्प होतात.

मुदतीचा भाग थोडक्यात. १९९४ च्या दुरुस्तीने दावा लावायची कालमर्यादा उठवली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली, आता अपघातापासून सहा महिने. रॉड टाकलेला माणूस काठी घेऊन चालू लागेपर्यंत त्यातला बराच काळ गेलेला असतो. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण शहाणा वकील त्या भरवशावर थांबत नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडता येते, अर्ज आधी लावावा.

बरेच दावे निकालापर्यंत जात नाहीत. लोकअदालतीत दोन्ही वकील एका टेबलाशी बसतात. अर्जदारपक्ष दोषाच्या टक्क्यांत थोडा वाकतो, कंपनी उत्पन्नात थोडी वर येते, आणि मधली रक्कम ठरते. इथे कंपनीला व्याज वाचवायचे असते. कलम १७१ प्रमाणे व्याज दाव्याच्या तारखेपासून लागू शकते आणि खटला रेंगाळला की ते भरपाईच्या रकमेत मोठी भर घालते. जखमीला पैसे आत्ता हवे असतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी पुढच्या शस्त्रक्रियेचा, रॉड काढण्याचा खर्च धरला आहे का, हे पाहावे लागते. ते राहिले तर पुन्हा मागता येत नाही.

निकालच झाला तर न्यायाधिकरण मागितलेल्या रकमेपेक्षा जास्तही देऊ शकते. रास्त भरपाई ठरवणे हे त्याचे काम आहे, अर्जातला आकडा ही मर्यादा नाही, हे २००२ मध्ये ठरले. न पटलेल्या पक्षाला ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी नसेल तर. पैसे द्यायचे असलेल्या अपीलकर्त्याने आधी २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातले जे कमी ते भरावे लागते. मोठी रक्कम सगळी एकदम हातात दिली जातेच असे नाही. तिचा काही भाग मुदतठेवीत अडकवण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या मार्गदर्शनापासून चालत आली आहे, विशेषतः अर्जदार अज्ञान किंवा निरक्षर असेल तर. निवाडा होऊनही पैसे आले नाहीत, तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.